फटीतला उजेड

पहिले एकवीस दिवस फक्त कानस.
शेगड्यात लोखंडाचा चौकोनी तुकडा,
आणि मागे हात बांधून लांजेवार सर,
मुद्दाम पंख्याच्या वाऱ्याबाहेर उभे.
"खांद्यातून रेट वं, मनगटातून नाही.
पोया नाही लाटून राह्यली तू."

गुण्या लावायचा, तुकडा खिडकीकडे धरायचा,
फटीतून उजेड आला की पुन्हा घासायचं.
उजेड यायचाच.
हिंगणा रोडचा मे महिन्यातला उजेड,
केसाएवढी जागा दिसली तरी घुसणारा.

बॅचमध्ये एकतीस पोट्टे आणि मी.
बाथरूमची किल्ली ऑफिसात,
ऑफिस पलीकडच्या बिल्डिंगमध्ये.
ते अंतर कुठल्या व्हर्नियरवर वाचायचं
हे कोणी शिकवलं नाही.

बाबा वाडीच्या गोदामातून घरी आले,
खांद्यावरचा दुपट्टा झटकत म्हणाले,
शिकतेस काय नेमकं?
म्हटलं, बिघडलेलं दुरुस्त करायला.
मग आठवून म्हटलं, नाही,
सर म्हणतात, बिघडायच्या आधीच.
बाबा बराच वेळ हसले.
"म्हंजे केलेलं काम कोनाले दिसनारच नाही!
मंग पगार कायचा देतीन थे?"

सरांच्या अनामिकेला वरचं पेर नाही.
कसं गेलं, कधी बोलले नाहीत.
फक्त लाल कुलपं वाटली त्या दिवशी
प्रत्येकाच्या तळहातावर कुलूप ठेवताना
तेच बोट पुढे होतं.
मेन स्विच पाडायचा, कुलूप लावायचं,
किल्ली आपल्या खिशात.
"मालक आला तरी द्यायची नाही."

माझ्या कुडत्याला खिसाच नव्हता.
त्या रात्री आईनं शिवला,
दुहेरी टीप मारून,
जुन्या उशीच्या अभ्र्यातून.

टॅगवर छापलेलं होतं:
थांबा, माणसे काम करीत आहेत.
खालच्या रेघेवर मी लिहिलं: कल्याणी उईके.

मग बुटीबोरी. अप्रेंटिस. रात्रपाळी.
धाग्याच्या कारखान्यातला ब्लोअर
दम लागल्यासारखा वाजत होता.
पेचकसाचं टोक हाउसिंगला,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि मी डोळे मिटून, सगळ्यांसमोर,
सांगून टाकलं: बेअरिंग गेलंय.

पहाटे दोनला ते उघडलं.
आतले गोळे आवळ्यासारखे गुळगुळीत,
एकालाही डाग नाही.
चार तास मशीन बंद, आणि फोरमन काहीच बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.
शाहबाजनं मला चहा आणून दिला,
तो नुसताच हातात धरून बसले.

भीत भीत सरांना फोन लावला.
झोपेतला आवाज, मागे कूलरची घरघर.
"कान खरा आहे तुहा. बोट भलतीकडे दाखवलं.
मोटरीचे पाय पाह्यले काय?"

चार पाय. तीन घट्ट.
चौथ्याच्या बोल्टला पाना लावला, ढिला केला,
आणि जमिनीला गाल टेकवून
अलीकडून टॉर्च धरला.

पलीकडे
उजेड आला.

पितळेची एक पट्टी कापली,
पाव मिलिमीटर जाड,
सरकवली, आवळलं.
पुन्हा टॉर्च. काळोख.
खिशातली किल्ली काढली, कुलूप उघडलं,
स्विचवर हात ठेवताना तो थरथरत होता,
ब्लोअर मात्र नाही.

रजिस्टरात फोरमननं लिहिलं:
ब्लोअर सुरू. आवाज नॉर्मल.
एवढंच. नाव नाही.

सकाळी बाबा डबा भरून निघतच होते.
काय केलं रात्रभर?
म्हटलं, एका पायाखाली पट्टी घातली.
केवढी? दोन-तीन कागदांएवढी.
"बस?"
बस.

झोपायला गेले तर कूलरचा पंप
किंचित खरखरत होता.
उठले, वाकले, कान लावला.
आई आतून ओरडली,
"त्याले तरी आता राहू दे वं बाई!"