फाटा

फळा पुरात फुगला, म्हणून वर्ग पार्किंगच्या फरशीवर.
भिंतीवर अजून कमरेएवढी चिखलाची ओळ
आणि विश्वामित्रीचा वास, जो फिनाइलला जुमानत नाही.
खडूने तीन नावं लिहिली: घोरपड, मगर, कबूतर.
सांगा, यातली सख्खी दोन कोण?
"घोरपड आणि मगर," सहाही जण एका दमात.
यशोधन घोरपडे उगाच कॉलर ताठ करतो.

चूक. म्हणजे, डोळ्यांनी बरोबर.
खवले दिसतात, शेपूट दिसतं, पोट जमिनीलगत.
पण खवले फार जुन्या पेटीतले,
त्या पेटीवरून चुलत कोण, सख्खं कोण, कळत नाही.
नातं ठरतं नंतरच्या खरेदीवरून,
तिघांपैकी दोघांच्याच घरात जी सापडते:
हृदयाचे पुरते चार कप्पे,
घरट्याशी राखण करणारी आई,
आणि कवच फुटायच्या आधी
आतूनच तिला हाक मारणारं पिल्लू.

मग रेघा ओढते. मगर आणि कबूतर एका फाट्यावरून,
घोरपड त्याच्या बरीच अलीकडे वळलेली.
रिद्धी पदकी विचारते, "फाट्यावर कोण राहतं?"

इथे सगळे चोकडी म्हणतात.
फाटा हा शब्द पणजोबांबरोबर
बडोद्याला नोकरीला आला आणि आमच्याकडेच राहिला.
कुणी राहत नाही गं फाट्यावर.
एसटी थांबते, माणसं उतरतात, चहा पितात, पांगतात.
फाट्याला स्वतःचं नाव नसतं,
पुढच्या गावाचं असतं.
तिथे जे कुणी होतं
ते मगर नव्हतं, कबूतरही नव्हतं.
त्याच्याकडून दोघांनी निरोप घेतला, एवढंच आपल्याला कळतं,
आणि तेही निरोप घेणाऱ्यांच्या सामानावरून.

रात्री दोनला वॉचमनची शिटी.
आठ फूट. आकृतीवर आडवी,
हनुवटी "घोरपड"वर, शेपूट पंपाच्या खोलीपर्यंत.
वाचत वगैरे नव्हती. दमली होती.
हितार्थ आला, दोरी, ओलं गोणपाट, चिकटपट्टी घेऊन.
डोळे झाकले तशी निवली.
"बेन, टॉर्च पकडो ने."
मी पकडला. हात थरथरला, उजेडही.
तिच्या बरगड्या सावकाश वर जाऊन खाली आल्या,
आमच्या सगळ्यांच्या मिळून जितक्या वेळा आल्या
त्याच्या निम्म्यानेही नाही.

मीटरपेटीवरचं कबूतर जागं झालं,
मान वाकडी करून एका डोळ्याने खाली पाहिलं
आणि परत चोच पिसांत.
पंचवीस कोटी वर्षांनी भेटलेले नातेवाईक
आणखी काय बोलणार?

सहा माणसांनी ओढत नेली टेम्पोपर्यंत.
पोटाखाली खडू पुसत गेला.
सकाळी पाहिलं तर "कबूतर" जसंच्या तसं,
"घोरपड" मधलं नुसतं "घोर" उरलेलं,
यशोधनला त्यावरून दिवसभर पुरलं.
फाटे मात्र दोन्ही गेले.

पुन्हा आकृती त्यानेच काढली.
कबूतर आधी, मगर नंतर.
"उलटं झालं, मिस!" रिद्धी म्हणाली.
नाही झालं. फाट्याशी धरून फांदी फिरवता येते.
पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसलं
त्यावरून भावंडं ठरत नाहीत.
टोकं नको वाचूस. कोण कुठे वळलं ते बघ.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
पंप सुरू होता, तळघरातलं पाणी नळीतून बाहेर खोकत.
मग यशोधन, जिन्यापाशी उभा,
"आणि आपण?"

मी खडू घेऊन मूळ रेघ मागे मागे नेली,
सतरंजी दुमडून, स्कूटर सरकवून,
भिंतीपर्यंत, फरशी संपली तिथवर.
पुरेना. म्हणून जिन्याच्या पहिल्या पायरीवर खूण केली.
इथे कुठेतरी.

त्याने पाय उचलून घेतला.