पार्किंगची खुर्ची

मार्चमध्ये डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत दिवा धरला,
विझवला, आणि म्हणाले, गाडी आता नको.
बावन्न वर्षांचं लायसन्स काउंटरवर ठेवलं,
तर पलीकडच्या पोरानं फोटोशी चेहरा ताडून पाहिला,
जणू मी दुसऱ्याच कुणाचं परत करायला आले होते.

ल्युडीचा फोन त्याच रात्री: क्लीव्हलंडला ये.
इथं जमीन तव्यासारखी सपाट, दाराशी ट्रेन,
एकदा बदलली की थेट विमानतळ.
मला विमानतळावर कुठं जायचंय, हे मी विचारलं नाही.
बहीण आहे.

तिच्या पेट्रानं तक्ता करून पाठवला.
डावीकडे पिट्सबर्ग, उजवीकडे क्लीव्हलंड,
खाली भाडं, दवाखाना, किराणा, बर्फ,
बस किती मिनिटांनी, रविवारी किती.
अक्षरं बोराएवढी केली होती पोरीनं.
पण माझं मधलंच गेलंय, कडा तेवढ्या उरल्यात.
मी भाडं वाचलं आणि रविवार वाचला.

जूनमध्ये आठ दिवस राहून आले.
खोटं कशाला बोलू, चांगलं आहे.
युक्लिड अव्हेन्यूवर फलाट बसच्या दाराला भिडलेला,
पाऊल उचलावंच लागत नाही.
बाजारात एका पोरानं न विचारता
माशाच्या पाकिटावरची किंमत वाचून दाखवली,
आणि महाग आहे म्हणाला, नका घेऊ.
आणि ते सरोवर. पलीकडचा काठ
तिथं कुणालाच दिसत नाही.
बाकावर बसलेले सगळे माझ्या बरोबरीचे.

आमच्याकडे गल्लीच्या नावाची पाटी आहे, गल्ली नाही.
पायऱ्या आहेत, एकशे सदतीस,
त्यातल्या चार हलतात; कुठल्या, ते पायांना माहीत.
बस तासाला दोन, म्हणजे कागदावर.
पण उतरताना मागच्या दारातूनसुद्धा
लोक ओरडून थँक यू म्हणतात,
आणि लव्हॉन आरशात न बघता
आवाजावरून नाव घेते एकेकाचं.

आता खुर्चीचं सांगते.
स्वयंपाकघरातली जुनी, हिरव्या रेक्झिनची.
बर्फ उपसून झाला की एमिल ती
मोकळ्या केलेल्या जागेच्या मधोमध ठेवून कामावर जायचा.
या शहरात कायदा नाही, रिवाज आहे:
खुर्ची दिसली, की जागा कुणाची तरी.
एमिल गेला, एप्रिलमध्ये गाडीही विकली,
खुर्ची तशीच रस्त्याकडेला.
शेजारचा डॅरिल रात्री दमून येतो,
दोन चौक लांब गाडी लावतो,
तरी त्या जागेत शिरत नाही.
सात महिने.
मला लाज वाटली.

नोव्हेंबरात एका सकाळी ती उचलली
आणि पायऱ्या उतरले.
दर वळणावर तिच्यावरच बसत होते.
खाली थांबा म्हणजे नुसता खांब आणि निळी पाटी.
खांबाला टेकवून ठेवली.
दार उघडून लव्हॉन म्हणाली, हे काय, मिसेस ह्लावाच?
म्हटलं, जागा धरून ठेवलीय.
कुणासाठी, ते तिनं विचारलं नाही.
बस अशी खाली झुकवली, की जणू आत पाहुणा यायचाय.

काल पेट्राचा फोन. मावशी, काय ठरलं?
मी विचारलं, तुमच्या थांब्यावर बसायला आहे का?
आहे की, म्हणाली, वर छप्परसुद्धा.
बरं, म्हटलं, ते लिही.
आणि तुझ्याकडे?
मी खिडकीशी गेले. थांबा तिथून दिसतो,
पण सरळ बघितलं तर नाही.
जरा बाजूला बघावं लागतं, डॅरिलच्या छपराकडे,
मग कडेनं हळूहळू येतो खांब,
हिरवा ठिपका,
आणि त्या ठिपक्यावर कुणीतरी,
मांडीवर पिशवी घेऊन.

थांब, म्हटलं पेट्राला, फोन ठेवू नकोस.
बस येतेय का बघते.