सूतभर

बंद पडलेल्या जिनिंगच्या कॅन्टीनमधून
आमच्या गटानं भट्टी आणली, भंगाराच्या भावानं.
ओतीव लोखंड, चार पाय,
काट्यावर तीन क्विंटल आणि वर अकरा किलो.
ट्रॅक्टरवरून उतरवायला सात गडी
आणि आठवी मी, नुसती ओरडायला.

पहिल्या वर्षी ठेवली तशीच,
समाजमंदिरामागे, उघड्या जमिनीवर.
चैतात नीट होती.
श्रावणात जमीन फुगली, दिवाळीनंतर बसली,
आणि भाताचा गंज एका अंगाला कलला तो कललाच.
इकडे करप, तिकडे कणी,
आणि उतू गेलेलं वरण दर पंगतीला
त्याच काठावरून
विमलच्या नव्या चपलेत.

"काळीवर काय ठेवता बायाहो,"
इस्तारी मिस्त्री म्हणाला,
"थे जमीन नाही, जनावर हाय.
पाणी पेलं का कूस बदलते."

मग कन्हार उपसली, कंबरेइतकी.
भेगांच्या पोटातून निघालं
सोड्याच्या बाटलीचं बूच, कुणाचं तरी जोडवं,
आणि दोन उन्हाळ्यांमागे गिळलेला माझा विळा,
मूठ वाळवीनं खाल्लेली.
खाली पिवळा मुरूम लागला
तेव्हा मिस्त्रीनं सब्बल आपटून कान दिला,
डॉक्टर पाठीवर बोट वाजवतो तसा.
"आता लागलं हाड."

मुरमाचा थर, पाणी, धुमस. पुन्हा थर.
धुमसाला दोन मुठी.
एक माझी, दुसरी सुगंधाची.
आठ महिने आमचं बोलणं नव्हतं.
तिच्या म्हशीनं माझ्या मिरच्या तुडवल्या,
त्यावर मी जे बोलले
ते मला आठवत नाही,
तिला आठवतं.
धुमस काही एकीनं उचलत नाही.
उचलला. आपटला. उचलला.

नंतर मिस्त्रीनं पाण्याची नळी दिली,
एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे,
मधे खड्ड्याची रुंदी.
"आवाज द्याले लागते," तो म्हणाला,
"पाणी थांबलं का सांगा एकमेकीले."
पाणी तिकडून इकडे आलं,
इकडून तिकडे गेलं,
हळूहळू दमलं.
मी खुणेवर बोट ठेवून उभी.
पलीकडून कुणी काही म्हणेना.
मिस्त्रीनं विडी पेटवली. त्याला कसली घाई.
अर्धी विडी झाल्यावर ती म्हणाली,
"थांबलं."
मी म्हटलं, "तुहं अर्धं बोट खाली हाय."
"तुहं वर हाय," ती म्हणाली.

गिट्टी पडली, सिमेंट पडलं, ओटा घोटून झाला.
मधला भाग सपाट,
पण कडांना मिस्त्रीनं ढाळ सोडला, सूतभर,
डोळ्याला न दिसणारा.
"सारंच सपाट केलं त पाणी जाईन कुठं?"
चौदा दिवस ओलं बारदान.
सकाळची पाळी तिची, सांजेची माझी.
मला ते कधी कोरडं सापडलं नाही,
एवढं मात्र सांगते.

पंधराव्या दिवशी भट्टी चढवली.
वर परात ठेवली, परातीत पाणी.
पाणी डुगडुगलं.
साऱ्या जणी मिस्त्रीकडे पाहू लागल्या.
तो खाली वाकला, एकेका पायाखाली काडी सारून पाहिली.
एका पायाखाली काडी शिरली.
पायच आखूड होता,
ओतला तेव्हापासूनचा.
आम्ही उगाच सारा दोष जमिनीच्या माथी मारला होता.

सुगंधा काही न बोलता घरी गेली,
परत आली तेव्हा मुठीत
त्यांच्या म्हाताऱ्या पोपट्या बैलाच्या खुराची पत्री होती,
रस्ता तुडवून तुडवून कागद झालेली.
सब्बलीनं पाय उचलला चौघांनी,
तिनं पत्री आत सरकवली,
बोटं वेळेवर काढून घेतली.

परातीतलं पाणी दोनदा हललं.
"थांबलं," मी म्हणाले,
या वेळी आधी मीच.

त्या दिवशी वरण कुठूनच सांडलं नाही.
विमलनं तरीही चपला
पार बोरीच्या झाडाखाली काढून ठेवल्या होत्या.