बसायला जागा

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. चार वार, चार पत्ते.
म्हणाल्या, एकदा जाऊन मत ठरवू नका,
बूट घेताना दुकानात चार पावलं चालतो ना, तसं बघा.
मी बंदरातला क्रेनवाला. बूट घेतले ते कायम
मापाचे न बघता. मग पायच जुळवून घेतात.

मंगळवार. केमीच्या चर्चचं तळघर.
ट्यूबलाइट इतकी लख्ख, की हातांची थरथर
माझ्याआधी इतरांना दिसली.
तिथले सगळे नीट रडतात. सुरुवात, मध्य, शेवट.
माझी पाळी आली. म्हणालो, मी इल्मो.
आणि पुढे काहीच नाही. नुसता उभा,
भलत्याच मजल्यावर लिफ्ट उघडावी तसा.

बुधवार. वाचनालयाचा माळा.
सगळी पोरं, माझ्या पोरीच्या वयाची.
एक तर तिच्याच वर्गातला निघाला.
"काका, तुम्ही त्या नाताळात आमच्या फाटकावर…"
तो पुढचं बोलला नाही.
मी पुढचं ऐकलं.

शनिवारची मंडळी सॉनात जमतात.
उघडेबंब बसलं की लपवायला काही उरत नाही, म्हणतात.
उरतं.
वाफेतून बाहेर आलो आणि हात आपसूक बाकाखाली गेला.
तीस वर्षं तिथे गार बाटली असायची.
त्या रात्री कुणाचे तरी मोजे होते, लोकरीचे.
मी ते धरून बसलो. सोडता येईनात.

राहिला गुरुवार. कोर्पिवारा, अग्निशमन केंद्र, सहा वाजता.
अडतीस किलोमीटर. माझं लायसन्स पोलिसांकडे.
बस पाच दहाला जाते, सात पन्नासला परत फिरते,
मधल्या वेळात जे काय सुधारायचं ते सुधारा.
जानेवारी. दुपारी दोनलाच अंधार पडलेला.
वाटेत रेनडिअर आडवं उभं. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही,
इंजिन बंद करून त्याच्या मर्जीची वाट पाहिली.
मला वाटलं, हे जमायला हवं होतं मला. घरी.

बंबाच्या शेजारच्या खोलीत एकच बाई. आइली. सत्तरीची.
वेलदोड्याचे पाव, कॉफीचा थर्मास, गोलात आठ खुर्च्या.
बाकीचे कधी येतात?
"नाही येत. एक ओउलूला मुलीकडे गेला, दोघं मातीत,
एक पुन्हा प्यायला लागला. ऑक्टोबरपासून मीच."
मग आठ खुर्च्या?
"पूर्वी पेले मोजायचे. काहीतरी मोजायला लागतंच."
मग म्हणाली, "बसायचं का?"

या दोन शब्दांचा मला
एकच अर्थ ठाऊक होता.

बसलो.
तिने घड्याळ पाहिलं, चष्मा लावला, आणि सुरुवातीचा मजकूर
अख्खा वाचला, मोठ्याने, जणू खोली भरलेली आहे.
एक ओळ गाळली नाही. मग गप्प झाली.
मीही. भिंतीमागे बंबाच्या टाकीत
काहीतरी ठिबकत होतं.
वीस मिनिटं कुणी कुणाची कीव केली नाही.
मग मी मोज्यांचं सांगितलं.
ती हसली, कवळी सांभाळत हसली,
म्हणाली, "माझा नवऱ्याच्या बुटात असायचा. क्वार्टर."

निघताना किल्ली दिली. पुढच्या गुरुवारी तिचं
डोळ्याचं ऑपरेशन.
"कुणी आलं नाही तरी उघड. कॉफी कडक कर."
मी सांगितलं, मला अकराच दिवस झालेत.
"मग काय, बाराव्याला देऊ?"

बस केमीत थांबते ती दारूच्या दुकानासमोर.
आठ बत्तीस. ते नऊला बंद होतं.
आत झाडू मारणारा पोरगा, काचेत मी, माझ्यामागे बर्फ.
खिशात किल्ली. अंगठ्याने तिचे दात मोजले. पाच.
परत मोजले.
मोजत राहिलो. कितव्यांदा ते आठवत नाही,
दुकानाचे दिवे गेले.
पाय बधिर झाले होते. घरी आलो.