बाण एक्झॉस्टकडे

पुठ्ठ्याच्या पाठीवर लिहून दिलं नूरमहंमदला:
पिस्टन, दोन रिंगा, गजन पिन,
वरच्या टोकाचं निडल बेअरिंग,
पॅकिंगचा सेट, खालचं जाडी बघून घे,
आणि लॉक चार.
लागतात दोनच की, म्हणाला परकार.
मी म्हटलं, आण.

गाडी घानिमची. वय सोळा, मिसरूड नुकतं.
शुक्रवारभर बदायरच्या टेकड्यांवरून उडवतो
आणि शनिवारी आणून टाकतो आमच्या दारात,
शारजा, इंडस्ट्रियल एरिया सहा,
टायरवाला पठाण आणि बंद लाँड्री यांच्या मध्ये.
उस्ताद, ताकद नाही.
कुठून असणार बाबा?
फिल्टरच्या कडेला ग्रीस लावायचं राहिलं,
केसाएवढ्या फटीतून वाळवंट आत आलं.
पंचगंगेची वाळू दाताखाली आली तरी कळते,
ही पिठासारखी. कळतच नाही.
आधी पिस्टन खाते, मग आवाज बदलतो.

सिलिंडर उतरवला, आतून बोट फिरवलं.
ओरखडे दिसतात पण नख अडकत नाही.
सिलिंडर वाचला.
पिस्टन पेट्रोलमध्ये धुतला, उलटा केला,
आणि आत, छताच्या बाजूला,
जिथं कनेक्टिंग रॉडशिवाय कुणी बघत नाही,
सुईनं कोरलेलं:
आण्णाप्पा. गड. १६

गड म्हणजे गडहिंग्लज. दुसरं काय असणार?
आमच्या स्टँडवरून एस्टीनं दोन तास.
मी उद्यमनगरचा. नऊ वर्षं इथं, आणि इतक्या वर्षांत
आपली अक्षरं वाचायला मिळाली ती ही,
तीही काजळीखाली.

पठाणाला विचारलं. त्याला टायरवाले सोडून कुणी आठवत नाही.
काउंटरवरचा सुधाकरन म्हणाला, होता एक बुटका,
चहात शेव टाकून प्यायचा,
अल-ऐनला गेला.
मग म्हणाला, नाही, तो दुसरा.

रिंगेची फट मोजली, पट्टी चाळीसची, बरोबर बसली.
क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबलं.
नवा पिस्टन, डोक्यावर बाण, बाण एक्झॉस्टकडे.
पिन सरकवली, पहिलं लॉक बसलं.
दुसरं बसवताना पक्कड निसटली.
टिंग्.
कुठंतरी लागलं. कुठं ते नाही कळलं.

नूरमहंमदनं लगेच तिसरं पुढं केलं, हसत:
म्हणून चार होय.
नाही रे भावा.
चार आणली तरी हे एक सापडल्याशिवाय
इंजिन बंद करता येत नाही.
फडक्याच्या कडेनं आत गेलं असेल तर?
मिस्त्री म्हणायचे, हरवलेलं लॉक
सापडेपर्यंत इंजिनातच आहे असं समज.

मग दोघं गुडघ्यावर.
त्याच्या हातात मोबाईलचा उजेड, माझ्या हातात लोहचुंबक.
एक खिळा निघाला, वॉशर सात,
गेल्या वर्षीची चिमटी, जिच्यावरून आम्ही भांडलो होतो.
इशाची बांग झाली, परकार हात धुऊन गेला, येऊन परत बसला.
फडकं उचलायचा धीर दोघांनाही होईना.
शेवटी पाणी प्यायला उठलो
तेव्हा माझ्याच पँटच्या दुमडीतून पडलं.
तो जे बोलला ते दापोलीकडचं होतं,
इथं लिहिण्यासारखं नाही.

सिलिंडर चढवण्याआधी पिन परत काढली.
का, ते परकारनं विचारलं नाही.
सुई हातात होती. पण नव्या पिस्टनला ओरखडा काढू नये
हे मीच पोरांना शिकवतो.
मग कानावरची पेन्सिल घेतली
आणि आत लिहिलं, पोचलं.
तेलाच्या पहिल्या धुरात पुसून जाईल. जाऊ दे.

नट तिरकस आवळले, थोडे थोडे, काट्यावर नजर ठेवून.
तीनदा गरम केलं, तीनदा हात लावता येईल इतकं गार.
जुना पिस्टन आता पैसे पाठवल्याच्या पावत्यांवर असतो,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.

घानिमला सांगितलं, फिल्टरच्या कडेला ग्रीस.
हो उस्ताद, म्हणाला तो,
हेल्मेट आधीच डोक्यात होतं,
आणि गाडी गिअरमध्ये.