कुणाची म्हस

पहिल्या दिवशी वस्तादांनी ब्रश दिलाच नाही.
दुधाचा ग्लास दिला हातात, फेसासकट, कोमट.
म्हणाले, पी आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहा.

गंगावेशीत पहाटे पाचला
मी एका भिंतीकडं बघत उभी.
अंगावर कॉलेजचा एप्रन, बगलेत गुंडाळी,
गुंडाळीत माझं बक्षीस मिळालेलं डिझाइन:
एक इंच म्हणजे एक फूट.

भिंत चाळीस फुटांची.
छातीएवढ्या उंचीवर पुराची रेघ,
तिच्याखाली पानाच्या पिचकाऱ्या,
आणि एका कोपऱ्यात खडूनं काढलेले तीन स्टंप.
"मग हे सगळं पुसतो मी," म्हटलं.
दस्तगीर वस्ताद,
ज्यांनी तीस वर्षं थिएटरमागच्या पत्र्याच्या शेडात
झाडूएवढ्या ब्रशनं नायिकांचे गाल रंगवले,
भिंतीला तळहात लावून बराच वेळ ओल बघत राहिले.
मग म्हणाले, "स्टंप ऱ्हाऊ देत. पोरं येतील सांजच्याला."

सुतळीला नीळ चोळून रेघ कशी फटकारायची, शिकले.
परांचीवर चढल्यावर चित्र दिसत नाही,
नाकासमोर फक्त एक काळा डाग असतो.
तो डाग म्हणजे म्हशीची मान आहे
असं मानून खाली उतरायचं, रस्ता ओलांडायचा,
वडापवाल्याच्या शिव्या खायच्या, वळायचं, बघायचं,
आणि पुन्हा चढायचं.
एका दिवसात साठ वेळा ओलांडला असेल रस्ता.
रात्री पोटऱ्या आईनं तेल लावून चोळल्या,
विचारलं, चित्र काढतीस का ऊस तोडतीस?

सहाव्या दिवशी म्हैस पुरी झाली.
गंगव्वा गवळण बादली कमरेला लावून थांबली.
"कुणाची म्हस?"
म्हटलं, कुणाची नाही. म्हैस. अशीच.
"अशीच म्हस नसती बाई."
मग शिंगं दाखवली बोटानं:
"आमच्यांची पाठीपातूर जात्यात. ही तू पुस्तकातनं आणलीस."
तेवढ्यात एक रिक्षावाला शेपटीवर बोलला,
दूध प्यायला आलेला पैलवान कासेवर,
एक मास्तर रंगसंगतीवर, तेही चष्मा न लावता.
कॉलेजात तीन परीक्षक असायचे आणि चहा असायचा.
मी वस्तादांकडं बघितलं.
ते रॉकेलमध्ये ब्रश धूत होते.
"माझ्याकडं काय बघतीस? बघणारी ती हाईत."

दोन दिवस गेलेच नाही.
तिसऱ्या दिवशी गेले ती थेट गंगव्वाच्या गोठ्यात,
वही घेऊन शेवंतीसमोर बसले.
शेवंतीच्या डाव्या शिंगाला टोक नाही,
पाडव्याला पळवताना टेम्पोला धडकली होती.
उजव्या कानात खाच.
डोळा असा, की आपण कशासाठी आलोय
ते तिला आपल्याआधी कळलेलं.
अकरा वेळा काढली. शेणात मांडी घालून.

भिंतीवरची शिंगं चुना मारून तीनदा मोडली,
चौथ्यांदा डावं टोक मुद्दाम काढलं नाही.
गंगव्वा आली, काही बोलली नाही,
बादली ठेवून गेली आणि शेवंतीलाच घेऊन आली.
शेवंतीनं स्वतःला हुंगलं
आणि ओल्या रंगाला पाठ घासली, खरारा मिळाल्यागत.
तिचे केस चिकटलेत तिथं. अजून आहेत.

परवा सहा महिन्यांनी गेले.
म्हशीच्या पोटावर कुस्ती मैदानाचं पोस्टर,
खळ अजून ओली.
नखानं कोपरा उचकटला, तेव्हा दिसलं:
पोस्टर तिरकं लावलंय.
सरळ लावलं असतं तर डोळा झाकला असता.
कोपरा परत दाबून बसवला,
तळहातानं, वस्ताद ओल बघतात तसा.
मग पलीकडं जाऊन पोस्टर नीट वाचलं.
रविवारी, दुपारी तीन.
जायला पाहिजे.