शुक्रवारचा फळा

कुतैसीत, घंटेला चार मिनिटं उरली की
नेस्तान बाई लिहितात:
वाचा, घरातलं एखादं जुनं पत्र. विचारून.
पाहा, संग्रहालयात दुसऱ्या दालनातलं लहान चित्र.
मोठ्यापाशी रेंगाळू नका,
तिथे चित्रकारच दमलेला आहे.

निम्मी पोरं तोवर जिन्यात.

सोमवारी झुराब म्हणाला, बंद होतं.
मग?
मग काचेला नाक लावलं.
काचेत मागचा पूल होता, रिओनी नदी होती,
गालिचा झटकणारी एक बाई
आणि त्यांच्या आत कुठेतरी तुमचं चित्र.
अर्धंच.

बाई काही बोलल्या नाहीत.
मंगळवारी स्वतः गेल्या. संग्रहालय उघडं होतं,
तिकीटवाल्या एतेरीनं हात केला.
त्या बाहेरच थांबल्या,
काचेवरचा नाकाचा ठसा शोधत,
आणि सापडल्यावर
तेवढ्या उंचीला वाकल्या.